दिसणं, पाळी आणि राखण : हवेतून लांबवर इंटरनेट नेण्याचा इतिहास



या पानावरच्या नोंदी बहुतेक कांदा, टोमॅटो आणि पाण्याच्या असतात. आजची जरा वेगळी आहे, पण निघाली शेतातूनच. आमची वस्ती गावापासून साडेपाच किलोमीटरवर, डोंगराच्या पोटात. मोबाईलला रेंज मिळते ती एकाच जागी, बांधावरच्या आंब्याखाली. ठिबकचं ऑटोमेशन म्हणा, हवामानाचं यंत्र म्हणा, काहीही बसवायचं म्हणलं की पहिला प्रश्न इंटरनेटचा. गावात पंचायतीपर्यंत फायबर आलंय. तिथून वस्तीपर्यंत केबल ओढायची तर मधे ओढा, वनखात्याची हद्द आणि चौघांचे बांध. म्हणून वस्तीवरच्या तिघांनी डोक्यात घेतलं की गावातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर एक डिश, इथं पाण्याच्या टाकीवर दुसरी डिश, आणि मधलं अंतर हवेतून.

धाकट्या चुलत्यांनी लगेच विचारलं, "वायफाय शेजारच्या खोलीत धड पोचत नाय, ते साडेपाच किलोमीटर कसं यील?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्रपाळीच्या लाईटीवर पाणी द्यायला गेल्यावर मोटारीच्या खोलीत बसून वाचत गेलो. वाचलेलं आधी थोडक्यात सांगतो. लांबचा पल्ला नुसती ताकद वाढवून गाठता येत नाही. ज्यांनी गाठला त्यांनी तीन गोष्टी सांभाळल्या: दोन टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत, बोलायची पाळी पाळली पाहिजे, आणि रोज राखण करणारं माणूस पाहिजे. यातलं एक जरी सुटलं तरी लिंक बंद पडते. आता सविस्तर.

सुरुवात आपल्याच देशातली आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये लोकांसमोर प्रयोग केला. त्यांनी सोडलेल्या बिनतारी लहरी भिंतीपलीकडं गेल्या, तिथं घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. त्यांच्या लहरींची लांबी अवघी काही मिलिमीटर होती. त्या सोडायला आणि धरायला त्यांनी कर्ण्यासारख्या तोंडाचे अँटेना वापरले. लांबलचक लहरी सगळीकडं पसरतात. आखूड लहरींचा मात्र कर्ण्यानं किंवा डिशनं झोत करता येतो, उघड्या बल्बाच्या जागी बॅटरीचा झोत मारावा तसा. त्या वेळी जगाचं लक्ष लांब लहरींकडं होतं, कारण त्या समुद्रापार जात होत्या. बोसांच्या आखूड लहरी बरीच वर्षं प्रयोगशाळेतच राहिल्या.

पुढची पायरी १९३१ ची. इंग्लंडचं डोव्हर आणि फ्रान्सचं कॅले यांच्यामधे इंग्लिश खाडी आहे. तिथं दोन्ही काठांवर तीन-तीन मीटरच्या डिश लावून आखूड लहरींवर टेलिफोनचं बोलणं पलीकडं पाठवून दाखवलं. बाहेर सोडलेली शक्ती साधारण अर्धा वॅट, म्हणजे देवघरातल्या मिणमिणत्या बल्बाइतकीसुद्धा नाही. चुलत्यांना मी हा आकडा पहिल्यांदा सांगितला.

दुसऱ्या महायुद्धात रडारमुळं आखूड लहरींची यंत्रं सुधारली. युद्धानंतर अमेरिकेत टेलिफोन कंपनीनं १९५१ मध्ये एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत अशा मनोऱ्यांची रांग पूर्ण केली. १०७ मनोरे, प्रत्येक दोघांत साधारण ५० किलोमीटर, आणि प्रत्येकाला पुढचा-मागचा सरळ दिसणारा. आपल्याकडंही टेलिफोन खात्याचे लाल-पांढरे मनोरे डोंगरावर उभे राहिले. मोठ्या ताशांसारख्या त्या डिशी आमच्या पिढीनं लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहिल्यात. त्या सगळ्या सरकारच्या किंवा मोठ्या कंपनीच्या. त्यांचं सामान महाग आणि परवान्याचं. शेतकऱ्यानं ते फक्त खालून बघायचं.

इंटरनेटचा धागा वेगळ्या बाजूनं आला. हवाई बेटांवर विद्यापीठाचा संगणक एका बेटावर आणि कॉलेजं बाकीच्या बेटांवर, मधे समुद्र. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अलोहानेट नावाचं जाळं सुरू केलं. माहितीचे तुकडे करून ते रेडिओवरून पाठवायचे. कुणी कधी बोलायचं याचा नियम अगदी सोपा होता: बोलायचं असेल तेव्हा बोला. पोच आली तर ठीक. नाही आली तर दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळलं असं समजा, थोडं थांबा आणि पुन्हा बोला. हा सोपेपणा पुढच्या यंत्रांनी उचलला, त्यात सुधारणा केल्या, आणि पोचेची वाट बघायची सवय घराघरातल्या वायफायपर्यंत आली. ती सवय आपल्याला थोड्या वेळात नडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

वायफायचा जन्म मात्र कायद्यातल्या एका बदलामुळं झाला. मायक्रोवेव्हच्या भट्टीसारखी यंत्रं ज्या पट्ट्यात गोंगाट करतात, तो रेडिओचा पट्टा कुणाला नकोच होता. अमेरिकेच्या नियामकानं १९८५ मध्ये ठरवलं की ठराविक मर्यादेत शक्ती ठेवून असे काही पट्टे विनापरवाना वापरायला हरकत नाही. गावाच्या गायरानासारखं झालं. मालकी कुणाची नाही, चरायला सगळ्यांना मोकळं, फक्त दुसऱ्याची अडचण सोसायची तयारी पाहिजे. १९९७ मध्ये वायफायचा पहिला ठराव झाला, १९९९ मध्ये सुधारित आला, आणि लाखोंच्या संख्येनं यंत्रं तयार व्हायला लागली. जे मोठ्या कंपनीच्या मनोऱ्यावर लाखात मिळत होतं, त्याच्याच जातीचं सामान काही हजारांत दुकानात मिळायला लागलं.

पण ते बनवलं होतं घरासाठी, शंभरेक मीटरसाठी. मग लांब कसं जाणार?

पहिली अडचण झोताची. घरातला राउटर चारी बाजूंना सिग्नल सांडतो. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथा हिस्सा उरतो. उपाय बोसांचाच: कर्णा किंवा डिश. २४ डेसिबलची जाळीची डिश म्हणजे एका दिशेला साधारण २५० पट जोर. आणि ती बोलताना जितकी कामाची, तितकीच ऐकताना. कायद्यात बाहेर पडणाऱ्या झोतावर मर्यादा असते, त्यामुळं मोठी डिश लावली की आतून सोडायची शक्ती कमी करावी लागते. ऐकण्यावर मात्र कायद्याची मर्यादा नाही. म्हातारी माणसं कानाला हात लावून ऐकतात, तोच प्रकार.

दुसरी गोष्ट, टोकाला टोक दिसलं पाहिजे. नुसतं सुईच्या भोकातून दिसून भागत नाही. लहर सरळ दोरीसारखी जात नाही. पखवाजासारखी मधे फुगते आणि टोकांना निमुळती होते. या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. आमच्या साडेपाच किलोमीटरला, ५.८ गिगाहर्ट्झवर, बरोबर मध्यावर त्याची त्रिज्या साधारण ८.४ मीटर येते. २.४ गिगाहर्ट्झवर ती १३ मीटरच्या आसपास जाते. यातला निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे आमच्या रेषेच्या मध्यावर, नजरेच्या रेघेपासून खाली-वर आणि आजूबाजूला पाचेक मीटर झाड नको, टेकाड नको, पत्रा नको.

या दोन गोष्टी हातात आल्यावर काय करता येतं, हे नेपाळच्या डोंगरातल्या एका शिक्षकानं दाखवलं. महावीर पुन हे म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावचे. अमेरिकेत शिकून ते १९९० च्या दशकात गावी परतले आणि शाळेच्या कामाला लागले. गावाला गाडीरस्ता नाही, फोन नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून देणगीत जुने ४ संगणक आले. वीज नव्हती, तर ओढ्याच्या पाण्यावर छोटं जनित्र बसवून ते चालवले. पुढं जुन्या भागांपासून संगणक जुळवून लाकडी खोक्यांत बसवले. पण ईमेल बघायचा तर पोखरा गाठायचं, आणि तिथं जायला डोंगर उतरायचा.

२००१ मध्ये पुन यांनी बीबीसीला लिहून विचारलं की माझ्या गावाला इंटरनेट कसं जोडता येईल. ती बातमी पसरली आणि परदेशातले जाणकार स्वयंसेवक गावात आले. नांगी आणि शेजारचं रामचे यांच्यामधे त्यांनी पहिली जोडणी करून बघितली. टीव्हीच्या डिशी वापरल्या आणि त्या झाडांवर बांधल्या. मग डोंगरमाथ्यावर घरगुती पद्धतीचं ठाणं उभारून पोखरापर्यंत रेघ नेली. २००३ मध्ये नांगी इंटरनेटवर आलं.

हे सगळं चोरून चाललं होतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. देशात माओवाद्यांशी यादवी चालू होती आणि बिनतारी सामानावर सरकारची बंदी होती. ज्या डिशीवरून गावातली पोरं धडा वाचणार, ती डिश कायद्याच्या नजरेत गुन्हा होती. पुन यांनी धोका पत्करला. पुढं राजवट बदलली आणि नेपाळनंही हे पट्टे खुले केले. २००७ पर्यंत १२ गावं जोडली गेली आणि त्याच वर्षी पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या रेघेवरून एका शाळेचा शिक्षक दुसऱ्या गावच्या पोरांना शिकवत होता, आणि गावातला आरोग्य कार्यकर्ता पोखराच्या डॉक्टरांना पेशंट दाखवत होता.

आता ती अलोहापासून आलेली सवय. वायफायचं यंत्र माहितीचा तुकडा पाठवतं आणि पोचेची वाट बघतं. घरात पोच लगेच येते, म्हणून वाट बघायचा वेळही फार थोडा ठेवलेला असतो, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा. रेडिओची लहर अशा एका भागात ३०० मीटर जाते. १५ किलोमीटरला जाऊन-येऊन असे १०० भाग लागतात. तोवर यंत्राचा धीर सुटतो. "गेलं वाटतं" म्हणून ते तोच तुकडा पुन्हा पाठवतं, तेवढ्यात पहिल्याची पोच येते, आणि सगळा गोंधळ. दरीपलीकडच्या माणसाला हाळी द्यावी आणि त्याचं "ओ" यायच्या आत आपण दुसरी हाळी द्यावी, तसं. सिग्नल चांगला असतो, डिश बरोबर लागलेली असते, आणि तरी इंटरनेट रांगतं. लांबच्या लिंकवर कितीतरी लोक इथंच थकले असतील.

हे कोडं सोडवण्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. आयआयटी कानपूरमध्ये २००० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगेच्या सपाट मुलखात, कानपूरच्या आसपासच्या गावांत, वायफायच्या लांब लिंक उभ्या केल्या. सगळ्यात लांब लिंक ४० किलोमीटरच्या जवळपास होती. तिथं डोंगर नाही, त्यामुळं मनोरे उभारावे लागले. यंत्र स्वस्त आणि मनोरा महाग, हा हिशेब त्यांच्या लक्षात आला. एका मनोऱ्यावर चार दिशांना चार डिश असल्या की एक बोलायला लागली की शेजारची बहिरी होते, हेही दिसलं. मग त्यांनी नियम काढला: एका मनोऱ्यावरच्या सगळ्यांनी एकदम बोलायचं, नंतर सगळ्यांनी एकदम ऐकायचं.

वाचून मी मोटारीच्या खोलीत एकटाच हसलो. ही तर आपली पाटाची पाळी! आधी ज्याला वाटेल त्यानं पाणी फोडायचं आणि भांडायचं, असं होतं. नंतर तास ठरले. तुझी पाळी संपली की दार खाली, माझं दार वर. पाणी तेवढंच, भिजलं जास्त.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात एरिक ब्रुअर यांच्या गटानं हेच सूत्र पुढं नेलं आणि २००७ मध्ये वाईल्डनेट या नावानं मांडलं. प्रत्येक तुकड्याला पोच मागायची नाही. वेळ वाटून घ्यायचा, आपल्या वेळात भरभरून पाठवायचं, आणि पोच एकदम घ्यायची. मोंढ्यात प्रत्येक पोत्याची वेगळी पावती मागत नाही, गाडी खाली झाली की एकच मागतो, तसं. हे काम बघितलं गेलं ते तमिळनाडूतल्या थेनीत, अरविंद नेत्र रुग्णालयात. आसपासच्या गावांत लहान तपासणी केंद्रं उघडली होती. केंद्रात डोळे तपासणारी प्रशिक्षित व्यक्ती, आणि डॉक्टर थेनीला बसून व्हिडिओवर पेशंटशी बोलणार. मधली जोडणी लांब पल्ल्याच्या वायफायची. मोतीबिंदू आहे की चष्म्यानं भागेल, एवढं कळायला म्हाताऱ्या माणसानं एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवायचं कारण उरलं नाही.

पाळी पाळली तर पल्ला कुठवर जाईल, हे व्हेनेझुएलात दिसलं. मेरिदाच्या आंदीज विद्यापीठातले एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००६ मध्ये २७९ किलोमीटरची लिंक लावून दाखवली. एक टोक ४,००० मीटरहून उंच असलेल्या आग्विला शिखरावर. यंत्र होतं दुकानात मिळणारा लिंक्सिसचा घरगुती राउटर. त्याचा आतला प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला झालेला होता, म्हणून वाट बघायचा वेळ वाढवता आला. लिंक लागली, पण वेग अगदी कमी. २००७ मध्ये बर्कलीचा पाळीचा प्रोग्राम घालून आग्विला ते प्लातिल्योन अशी ३८२ किलोमीटरची लिंक लावली. दोन्ही दिशांना साधारण तीन-तीन मेगाबिट वेग मिळाला. एवढ्या अंतरावर पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. हिशेब केला तर मधे जमीन दोन किलोमीटरहून जास्त फुगलेली भरते. दोन्ही टोकं पर्वतावर होती म्हणूनच ती एकमेकांना दिसली. म्हणजे इथंही दिसणं आणि पाळी.

राहिली राखण. उद्घाटनाच्या फोटोत ती येत नाही.

थेनीच्या आणि धर्मशाळेच्या जाळ्यांवर काम करणाऱ्यांनी २००८ मध्ये प्रामाणिकपणे लिहिलं की प्रयोग यशस्वी करणं वेगळं आणि जाळं चालू ठेवणं वेगळं. त्यांच्या बहुतेक बिघाडांचं मूळ रेडिओत नव्हतं, विजेत होतं. व्होल्टेज खाली गेलं की यंत्र अर्धवट चालू राहतं, अडकतं, त्यातली मेमरी बिघडते. दाब अचानक वाढला की ॲडाप्टर जळतो. हे वाचताना मला आमच्या डीपीची आठवण आली नसती तरच नवल. मोटारीचा स्टार्टर ज्या कारणानं जळतो, त्याच कारणानं राउटर जळतो. मग त्यांनी व्होल्टेज पडलं की यंत्र सरळ बंद करणारी सोय बसवली, विजेला संरक्षण दिलं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिथल्याच माणसांना शिकवलं. नाहीतर ॲडाप्टर जळल्याचं बघायला शहरातून इंजिनिअर येईपर्यंत केंद्र बंद.

हिमाचलातल्या धर्मशाळेत एअरजल्दी नावाचं जाळं २००५ पासून उभं राहिलं. तिथं आणखी एक शत्रू होता: माकडं. अँटेनाला लोंबकळायची, हलवायची. माकडाचं वजन पेललं पाहिजे हा हिशेब कुठल्या पुस्तकात नसतो, जागेवरच्या माणसालाच माहीत असतो. आमच्याकडं वानरं आहेत, त्यामुळं खांब दीड इंची पाईपचा घ्यायचा का अडीच इंची, हा वाद मिटला. अडीच.

आता कायद्याचं. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा, दोन्ही इंग्रजांच्या काळातले. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा होता. जुन्या लोकांना घरच्या रेडिओचं लायसन पोस्टात भरल्याचं आठवत असेल. २००५ च्या जानेवारीत सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायला खुला केला, शक्तीची मर्यादा घालून. धर्मशाळेचं जाळं त्याच वर्षी उभं राहिलं, हा योगायोग नाही. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा बराच मोठा पट्टा खुला झाला. आज आपण डिश लावू शकतो ती या दोन निर्णयांमुळं. पण गायरान मोकळं झालं म्हणून दुधाचा धंदा मोकळा झाला असं नाही. इंटरनेट विकत घेऊन पुढं विकायचं असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत. आम्ही तिघं आपापल्या नावावर रीतसर कनेक्शन घेणार आणि फक्त रेघ सामाईक ठेवणार.

महाराष्ट्रातल्या दोन गोष्टी इथं सांगितल्याच पाहिजेत. पहिली वारणेची. कोल्हापूर-सांगली भागातल्या सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये संगणकाची केंद्रं उभी राहिली. त्याचा देशभर गाजावाजा झाला. काही वर्षांनी अभ्यासकांनी बघितलं तर त्यांचा मुख्य वापर उसाच्या कामांसाठी होत होता: नोंद, वजन, खत. मग ७ गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून बघितला, आणि तेवढ्या कामाला तो पुरला. रेघ किती मोठी, यापेक्षा आपल्याला तिच्यावरून काय आणायचंय ते आधी ठरवावं, हे मी वारणेवरून शिकलो. आम्हाला हवामानयंत्राचे आकडे, ठिबकचा व्हॉल्व्ह आणि पोरांचा अभ्यास आणायचाय. त्यातल्या पहिल्या दोघांना अगदी बारीक रेघ पुरते. जास्तीचा वेग लागतो तो तिसऱ्याला.

दुसरी गोष्ट पालघरची. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटानं ग्राममार्ग नावाचा प्रकल्प तिथल्या आदिवासी पाड्यांमधे केला. प्रश्न आमचाच होता: फायबर पंचायतीपर्यंत, पुढचे पाडे कसे जोडायचे? त्यांनी टीव्हीसाठी राखलेल्या पट्ट्यातली रिकामी जागा वापरून बघितली. त्या लहरी लांब असल्यामुळं झाडीतून बऱ्यापैकी वाट काढतात. नंतर ५.८ गिगाहर्ट्झच्या लिंकही वापरल्या. टीव्हीचा पट्टा अजून तुमच्या-माझ्यासाठी खुला नाही, म्हणून झाडी हा आमचा प्रश्न शिल्लकच आहे.

त्या झाडीचंच सांगून संपवतो. मागच्या रविवारी आम्ही आरसा धरला. पुतण्या गावातल्या गच्चीवर, मी टाकीवर. सकाळचं ऊन, त्याच्या हातात घरातला दाढीचा आरसा. पंधरा मिनिटं काही दिसेना. मग एकदम कवडसा आला, डोळे दिपतील असा. चुलते खालून ओरडले, "दिसलं का?" म्हणलं, दिसलं. त्यांना वर चढवलं, त्यांनी स्वतः बघितलं, आणि शेजारच्या खोलीचा विषय तिथं संपला.

पण नंतर दुर्बीण लावून रेघ नीट बघितली. निम्म्या वाटेवर अण्णांच्या बांधावर सागाची दोन झाडं आहेत. आत्ता मार्चमध्ये त्यांचा खराटा झालाय, म्हणून कवडसा आला. आषाढात पानं भरली की ती बरोबर आपल्या पखवाजाच्या पोटात येणार, आणि ओलं पान म्हणजे सिग्नलला भिंतच. पावसाच्या सरीचा ५ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरात फारसा त्रास नाही, पानांचा आहे. साग तोडायचा विषयच नाही. तो अण्णांचा, त्यांच्या नातीच्या लग्नासाठी राखलेला, आणि तोडायची परवानगी काढणं वेगळंच. शिवाय एवढ्यासाठी कुणी झाड मागू नये.

मग अण्णांकडं जाऊन बसलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, झाडाच्या पलीकडं माझ्या विहिरीचं टेकाड आहे, तिथं खांब रोवा. गावातून टेकाडावर एक उडी, टेकाडावरून वस्तीवर दुसरी. विहिरीवर मीटर आहे, वीज तिथूनच घ्या. बदल्यात त्यांच्या घरालाही जोडणी. नांगीच्या लोकांनी डोंगरमाथ्यावर ठाणं केलं, तसंच आमचं हे छोटं. तिघांचे चौघं झालो.

दोन गोष्टी ठरल्या आहेत. एक, सामान आत्ता घ्यायचं नाही. आषाढात पानं पूर्ण भरल्यावर टेकाडावरून दोन्ही बाजूंना पुन्हा बघायचं. तेव्हा ऊन कुठलं, म्हणून रात्री मोठी बॅटरी मारून. दिसलं तरच पैसे काढायचे. दुसरी, राखण कुणाची. चुलत्यांची नात आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतेय. तिनं व्होल्टेजसाठी कटऑफ, अर्थिंग आणि जादा ॲडाप्टर एवढी यादी आत्ताच हातात दिलीय. तिला महिन्याला ठराविक रक्कम द्यायची, फुकट राबवायचं नाही, असं चौघांनी मान्य केलंय.

आषाढातली नोंद लिहीनच. तोवर तुमच्याकडं कुणी अशी लिंक लावली असेल तर दोन पावसाळे काढल्यावर तिचं काय झालं तेवढं सांगा. उन्हाळ्यातलं नको, ते सगळ्यांचंच चालतं.